भक्ताचे कान

गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या चार दिवस आधीची गोष्ट. लेक सुट्टीवर बालाघाटला आली होती. मी कणीक मळत होते आणि ती ओट्याला टेकून फोनशी खेळत होती. म्हणाली, "आई, हा एक नवा मुलगा आहे, कुमारांच्या परंपरेतला. कसा वाटतो सांग." आणि तिनं गाणं लावलं.

दोन-तीन मिनिटं मी ऐकलं असेल. मग माझं सुरू झालं. आवाज उगीच फेकतो. कुमारजी फेकायचे तेव्हा त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असायचं, हा नुसताच फेकतो. ताना अर्ध्यावर सोडतो, त्या पुऱ्या करायला दम नाही म्हणून. शब्द तोडतो, कारण गुरूंनी तोडला होता, याला स्वतःला त्यातलं काही कळलेलं नाही. लेक गप्प राहून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं फोन माझ्यापुढे धरला. गाणारे स्वतः कुमार गंधर्व होते. कुठल्या तरी मैफलीचं जुनं ध्वनिमुद्रण, माझ्याकडे नसलेलं.

पस्तीस वर्षं मी या माणसाची भक्त आहे. घरादाराला, नातेवाइकांना, मंदिरातल्या बायकांनाही ते माहीत आहे. आणि माझ्याच देवाला मी नक्कल करणारा ठरवून मोकळी झाले होते. लेक हसत हसत बाहेर गेली. मी पोळ्या केल्या, त्या वातड झाल्या.

मला लाज वाटली ती चुकल्याची नव्हे. ओळखायला चुकणं काही मोठी गोष्ट नाही, भल्याभल्यांचं होतं. रात्री सगळे झोपल्यावर मी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं, आता नाव माहीत असताना. आणि काय सांगू, तीच तोडलेली तान आता मला विचारपूर्वक सोडल्यासारखी वाटली. तोच फेकलेला आवाज अंगावर काटा आणून गेला. सूर तेच, फोन तोच, कानही माझेच. बदललं होतं फक्त नाव. मग दुपारचं ऐकणं खोटं की रात्रीचं? माझा प्रामाणिक अंदाज असा की दोन्ही वेळा मी गाणं थोडं आणि नाव जास्त ऐकलं.

ही भक्ती जडली कशी ते सांगते, कारण त्यातच सगळं आहे. मी नागपूरला बी.ए. करत होते. एका मैत्रिणीच्या घरी निर्गुणी भजनांची कॅसेट ऐकली. तोवर माझ्या कानांवर होतं ते रेडिओवरचं भावगीत आणि मंदिरातलं पूजेचं गाणं. हे काहीतरी निराळंच होतं. कोणी आळवत नव्हतं, कोणी रिझवत नव्हतं. एक माणूस वरचा सूर लावून उभा होता, बस. १९९० मध्ये लग्न होऊन मी गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं बालाघाटला आले तेव्हा बॅगेत सात कॅसेट होत्या. एकत्र कुटुंब. स्वयंपाकघर सासूबाईंचं, कपाट नवऱ्याचं, अंगण दिरांच्या मोटारसायकलींचं. माझा म्हणावा असा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि त्यात कुमार गंधर्व. ज्या बायका लग्न करून परक्या गावी आल्या त्यांना वेगळं सांगायला नको. असा डबा प्रत्येकीकडे असतो. कोणाच्या डब्यात कविता असतात, कोणाच्या पत्रं.

तेव्हा माझी भक्ती नुसती गाण्यावरची नव्हती. या घरात माझं स्वतःचं मत असलेली ती एकच गोष्ट होती. कोणी कुमारांना नावं ठेवली की मला वाटे, मलाच ठेवली.

मी त्यांना प्रत्यक्ष कधीच ऐकलं नाही. मुलगी १९९१ च्या दिवाळीत झाली. १२ जानेवारी १९९२ ला कुमार देवासला गेले आणि बातमी मी रेडिओवर ऐकली, मांडीवर बाळ घेऊन. म्हणजे माझं सगळं ऐकणं टेपवरचं. आणि टेपही कसली! आमच्या रेकॉर्डरचा पट्टा सैल झालेला, तो थोडा हळू चालायचा. त्यामुळे कुमारांचा आवाज आहे त्यापेक्षा थोडा खाली आणि जड यायचा. मला हे कुठे माहीत? बऱ्याच वर्षांनी सीडी आली, त्यावर तीच भजनं लागली, आणि मी म्हटलं, छे, हे काहीतरी बिघडवलंय, आवाज पातळ केलाय. मूळ आवाज मला खोटा वाटला, कारण माझ्या कानांत सैल पट्ट्याचे कुमार बसले होते. आज हसू येतं. पण भक्ताच्या ऐकण्याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मशीनचा पट्टा बदलता येतो. कहाण्यांचा पट्टा मात्र कानात असतो आणि तो बदलायचा कसा कळत नाही. कुमारांची कहाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शिवपुत्र कोमकली, जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाणारा मुलगा. मग मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण. मग क्षय. १९४८ च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी देवासला आणलं, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, एक फुप्फुस जवळजवळ गेलं. पाच-सहा वर्षं अंथरुणावर. त्यातून उठून पुन्हा गाणं. ही कहाणी खरी आहे आणि मोठी आहे. पण ती एकदा ऐकली की त्यांच्या गाण्यातली प्रत्येक विश्रांती आपल्याला श्वासाची वाटू लागते. छोटी तान आली की डोळे पाणावतात: बिचारे, एका फुप्फुसावर गातायत. मी स्वतः कितीतरी वर्षं असंच ऐकलं. म्हणजे गाण्याच्या जागी दवाखाना ऐकला.

कहाणी बाजूला ठेवून ऐकलं तर काय दिसतं? निर्गुणी भजनात हाच माणूस वरचा सूर लावतो आणि धरून ठेवतो, सुईच्या टोकासारखा. दम नसलेल्याला ते जमणार नाही. मग बंदिशीत तो तुकडे का करतो? मला आता वाटतं, तो बंदिशीतला शब्द उचलतो, एका बाजूनं दाखवतो, खाली ठेवतो, आणि दुसऱ्या बाजूनं उचलतो. ती त्याची विचार करण्याची रीत आहे. आजारानं त्याला तिकडे ढकललंही असेल. पण ऐकताना दया आली की विचार दिसत नाही. भक्ताची दया ही गायकाची एक प्रकारची हेटाळणीच म्हणायची. आणि याच दयेपोटी आपण त्यांचं वाईट गाणंही चांगलं म्हणून खपवतो. त्यांच्याही काही मैफली जमलेल्या नाहीत. कोणाच्या सगळ्या जमतात?

आम्ही दिगंबर, पण चातुर्मासात शेजारच्या उपाश्रयात साध्वीजींचं व्याख्यान असलं की मी जाते. तिथे एकदा ऐकलं होतं. राग तीन प्रकारचा: कामराग, स्नेहराग आणि दृष्टिराग. हेमचंद्राचार्यांनी वीतरागस्तोत्रात म्हटलं आहे की पहिले दोन सहज आवरतात, पण दृष्टिराग, म्हणजे आपल्या मताची आणि आपल्या पंथाची आसक्ती, सज्जनांनाही सुटत नाही. बायका माना डोलवत होत्या. मीही डोलवली, माझ्या मनात आमच्या एका नातेवाइकांचा चेहरा होता. दृष्टिराग नेहमी दुसऱ्याचाच दिसतो. आपल्या भाषेत राग म्हणजे सूरांचाही आणि आसक्तीचाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं ते कणकेच्या हातांनी फोनकडे बघताना.

आता सासूबाईंबद्दल. हा लेख खरं म्हणजे त्यांना द्यायचा राहिलेला जाब आहे.

त्यांचं माहेर वऱ्हाडातलं आणि घरात बालगंधर्वांची भक्ती. त्यांच्या आईची भक्ती तर विचारू नका. नारायण श्रीपाद राजहंस या माणसानं किती बायकांच्या नेसण्याची, केस बांधण्याची, चालण्याची पद्धत बदलली हे आपण आज्यांकडून ऐकलेलं आहे. पुरुषानं करावी आणि बायकांनी तिची नक्कल करावी अशी ती स्त्री! ('मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १९११ मध्ये, घरात लेक गेलेली असताना ते रंगमंचावर उभे राहिले, ही कहाणी सासूबाईंच्या आईला कुमारांच्या फुप्फुसाइतकी पाठ होती. कहाणीशिवाय भक्त नाही.) नाटकाच्या दिवशी घरी दिवस असतानाच सगळे जेवायचे, कारण नाटक पहाटेपर्यंत चालणार. पदाला वन्समोअर, पुन्हा वन्समोअर. मागे तबल्याला अहमदजान थिरकवा. एकेक पद किती वेळ चालेल याचा नेम नाही.

सासूबाईंनी स्वतः बालगंधर्वांना पाहिलं ते उशिरा, सोळा-सतरा वर्षांच्या असताना. तेव्हा ते साठीला आले होते आणि तरीही स्त्रीभूमिका करत होते. सासूबाई सांगायच्या, "मला तर शालू नेसलेला एक जाडा म्हातारा माणूस दिसला गं. मी हसणार होते. बाजूला पाहिलं तर आईनं पदर डोळ्यांना लावलेला. अजून गाणं सुरूही व्हायचं होतं."

गाणं सुरू होण्याआधीच रडणारी बाई काय ऐकत होती? समोर साठीचा आवाज, पण तिच्या कानांत १९१६ ची 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. पिकलेल्या आवाजात जिथे फट पडे तिथे ती आपल्या आठवणीतला सूर भरत होती. त्या रात्री बाजूला बसलेल्या मुलीनं गाणं ऐकलं ते आईच्या तोंडाकडे बघत. आणि उठली ती भक्त होऊन. १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व गेले तेव्हा दोघी मायलेकी दिवसभर जेवल्या नव्हत्या. हे मला कळलं १९९२ च्या त्या जानेवारीत. मी बाळाला घेऊन रडत होते, घरात कोणाला काही समजत नव्हतं, आणि सासूबाई चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "रडून घे. माझी आई अशीच रडली होती."

त्या दिवसापासून आमचं जमायला हवं होतं. उलट झालं. एका घरात दोन देव आले.

त्यांच्याकडे बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरून भरलेली एक कॅसेट होती. मला त्यात खरखर ऐकू यायची आणि खरखरीच्या मागे एक सानुनासिक आवाज, सरळसाधं पद, तीन मिनिटांत संपलेलं. मी नम्रपणे म्हणायची, "छान आहे आई." त्यांना कळायचं. आज मला वाटतं, तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांचीच. त्यांच्या पिढीला त्या तीन मिनिटांत पहाटेपर्यंतचं नाटक ऐकू यायचं, वन्समोअरसकट. माझ्याजवळ ते नाटक नव्हतं. मी फक्त तबकडी ऐकत होते. त्या तबकडीला आठवण जोडून ऐकत, मी आठवणीवाचून. पुरं गाणं दोघींपैकी कोणालाच ऐकू येत नव्हतं.

मग माझ्या हाती 'मला उमजलेले बालगंधर्व' लागली. कुमारांनी बालगंधर्वांची पदं गायलेली. मला वाटलं, झालं, आता भांडण मिटलं. माझा देव सासूबाईंच्या देवाची पूजा करतोय! १९९८ मधली गोष्ट असेल. दुपारी सगळं आवरल्यावर मी त्यांना हॉलमध्ये बसवलं, कॅसेट लावली आणि गाण्याऐवजी त्यांचा चेहरा बघत बसले. (हेही भक्ताचं एक लक्षण. स्वतः ऐकायचं सोडून दुसऱ्यानं कसं ऐकलं ते मोजायचं.) एक बाजू संपली. त्या म्हणाल्या, "गातो फार चांगलं. पण हा आपल्याला सांगतोय गं. नारायणराव आपल्याला सांगत नसत."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला सवयीचं तेच हवं असतं."

त्या काही बोलल्या नाहीत. उठून सामायिकाला गेल्या. पुढे त्यांनी माझ्याबरोबर गाणं म्हणून कधी ऐकलं नाही. २०११ मध्ये त्या गेल्या.

इतकी वर्षं मी ते वाक्य एका भक्ताचा हट्ट म्हणून बाजूला टाकलं होतं. फोनच्या प्रसंगानंतर मी दोन्ही ध्वनिमुद्रणं काढली आणि 'स्वयंवर'मधलं एकच पद दोघांचं ऐकलं, एकामागून एक, चार-पाच दिवस. आणि सासूबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं. बालगंधर्वांचं पद रुक्मिणीचं आहे. ती नाटकात उभी आहे, तिच्यापुढे कोणीतरी आहे, निदान तिच्या मनात तरी कोणी आहे. ओळ पुन्हा म्हटली जाते तेव्हा ती त्याच माणसाला पुन्हा सांगितलेली असते, थोडी लाजून, थोडी आग्रहानं. प्रेक्षक ते चोरून ऐकतो. कुमारांचं पद आपल्यासाठी आहे. ओळ पुन्हा येते ती आपल्याला दाखवायला: बघा, या शब्दात हेही आहे, इथे नारायणराव थांबले ते यासाठी. पहिलं बोलणं आहे, दुसरं त्या बोलण्यावरचं भाष्य. एखाद्या मोठ्या टीकाकारानं केलं असतं तर वाहवा झाली असती असं निरीक्षण, शाळा सातवी शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी एका वाक्यात केलं होतं. मी ते ऐकलं नाही कारण ते माझ्या देवाच्या विरुद्ध होतं.

पण म्हणून कुमार उणे ठरतात का? मला तसं वाटत नाही, आणि हे बोलताना मी स्वतःला दोनदा विचारून घेतलं आहे. हा माणूस लहानपणी तबकडीची हुबेहूब नक्कल करत असे. बालगंधर्वांची नक्कल त्याला अवघड नव्हती. रसिकांना तीच हवी होती, टाळ्याही तिलाच जास्त मिळाल्या असत्या. ती त्यानं केली नाही. स्वतः भक्त असून भक्ताचं काम केलं नाही. आणि नाव काय दिलं? 'बालगंधर्वांची पदं' नव्हे. 'मला उमजलेले'. मला, एवढंच, माझ्या बाजूनं दिसले तितके. आपल्याकडे ज्याला स्यात् म्हणतात ते एवढ्या घरगुती मराठीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मी मात्र ती कॅसेट सासूबाईंपुढे ठेवली ती निकाल म्हणून. तो म्हणत होता मला उमजलेले, आणि मी म्हणत होते, बघा, हेच खरे.

देवासच्या त्या अंथरुणाचीही गोष्ट मला आता वेगळी दिसते. गायला बंदी होती, तेव्हा हा माणूस खिडकीतून ऐकत होता. माळव्यातल्या बायकांची लग्नातली, सणावारांची गाणी, नाथपंथी जोग्यांची भजनं. ती गाणाऱ्यांची नावं नव्हती, घराणी नव्हती, कहाण्या नव्हत्या. कोण गातंय हे माहीत नसताना ऐकायचं. पुढे त्यांच्या गाण्यात जे नवं आलं त्यातलं बरंच या ऐकण्यातून आलं. आपल्या मंगलगीतांना आपण गाणं तरी म्हणतो का? कोणी कुमार गंधर्व खिडकीशी असेल असं आपल्याला वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. साडेतीन मिनिटांची. मला नेहमी वाटायचं, काय हा मान! आता वाटतं, तिकडे कोणी ऐकलंच तर त्याला केसरबाई कोण, त्यांचा दरारा काय, त्या कोणाकडे शिकल्या, काही माहीत नसणार. कोऱ्या कानांनी ऐकलेलं ते पहिलंच गाणं असेल. पण त्यांना ते गाणं आहे हे तरी कसं कळायचं? सासूबाईंच्या आईच्या ओल्या पदराशिवाय त्या सोळा वर्षांच्या मुलीला तरी कळलं असतं का? तिनं म्हातारा पाहिला असता, हसली असती आणि घरी आली असती. भक्तीनं मला बहिरं केलं हे खरं, पण ऐकायला बसवलं तेही तिनंच. छोट्या लाईनच्या गाडीत तो डबा मांडीवर नसता तर मी कोणतंच गाणं पस्तीस वर्षं ऐकलं नसतं, चुकीचंही नाही.

लेक परत जायच्या आदल्या दिवशी मी तिला कामाला लावलं. म्हटलं, माझ्या फोनवर चाळीस-पन्नास गाणी भर, सगळ्यांची, बायकांची, पुरुषांची, नव्यांची, जुन्यांची, सासूबाईंच्या नारायणरावांचीही. नावं सगळी काढून टाक, नुसते आकडे ठेव. तिनं तासभर बसून केलं. आता मी सकाळी वर्तमानपत्र बाजूला सारून त्यातलं एक लावते आणि वहीत लिहिते काय ऐकलं. पहिल्या आठवड्यात दोन गायिका आवडल्या, त्या कोण ते अजून विचारलेलं नाही. एक तबकडीवरचं पद तीनदा ऐकलं. खरखरीच्या मागे ऑर्गन आहे, हे पहिल्यांदा कळलं.

सतराव्या आकड्याला मात्र पहिल्या सुरातच ओळखलं. वही मिटून ठेवली आणि डोळे मिटून बसले.